विकायच्या घरातलं ऊन

पानगळ लागली की अप्पांना मागणी वाढायची. उन्हाळ्यात ऊन डोक्यावर असतं, ते खिडकीपर्यंत येतं आणि तिथूनच परत फिरतं. थंडीत झाडं उघडी पडतात, त्यांच्यामागे घरंही उघडी पडल्यासारखी दिसतात. मधले हे थोडे आठवडे तेवढे खरे. ऊन तिरकं होतं, जवळच्या पाहुण्यासारखं न विचारता आतपर्यंत येतं आणि पलंगावर बसतं. दाराशी पिवळी पानं पडलेली असतात. साध्यासुध्या घरालाही चार दिवस रूप येतं. ज्यांना घर विकायचं असतं ते सगळे मग एकदमच फोटो काढून घ्यायला धावतात.

अप्पा असे फोटो काढायचे. पूर्वी ते लग्नांचे काढत. गुडघे कुरकुरायला लागले, वरातीपुढे उलटं चालणं जमेना, तेव्हा म्हणाले, "आता न हलणारी गिऱ्हाइकं बघू." बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एका खोलीत कॅमेरे आणि दुसऱ्या खोलीत ते, असा त्यांचा संसार.

काम आणून द्यायची ती घरांची एजंट. तिला अप्पा चावीबाई म्हणत, कारण तिच्या पर्समध्ये अर्ध्या गावाची घरं खुळखुळत असत. त्या दिवशी तिचा फोन आला तेव्हा अप्पा लेन्स पुसत होते.

"काका, उद्या एक घर आहे. दुमजली, पुढे नासपतीचं झाड, मागे छोटंसं अंगण. घ्या पत्ता."

अप्पांनी जुन्या पाकिटाच्या पाठीवर रस्त्याचं नाव लिहिलं आणि पेन थांबलं. घराचा नंबर तिनं सांगायच्या आधीच त्यांना माहीत होता.

"मालक कोण आहेत?" त्यांनी उगीच विचारलं.

"एक बाई आहे. नवराबायको वेगळे झालेत. चांगली आहे हो, कटकट करत नाही. सकाळी जमेल ना?"

"जमेल."

ते घर अप्पांच्या मुलाचं होतं. म्हणजे मुलाचं आणि सुनेचं. गेल्या रविवारीच अप्पा तिथं जेवले होते. भात परत मागून घेतला होता. नातीशी भांडण करून हरले होते. सून एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे निघताना तिनं नेहमीसारखा त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून त्याची काडी सरळ केली होती आणि परत बसवून दिला होता. एवढं सगळं झालं, पण घर विकायचंय हे काही ती बोलली नाही.

मुलगा गेल्या उन्हाळ्याआधीच्या उन्हाळ्यात दुसऱ्या शहरात कामाला गेला होता. आधी दर आठवड्याला यायचा, मग महिन्याला. मग एक दिवस फोन केला की आता येणार नाही. तिथं त्याचं दुसरं कुणी होतं की नुसतंच इथलं नकोसं झालं होतं, हे अप्पांना कधी नीट कळलं नाही. विचारायला तोंड उघडत नव्हतं. त्यानंतरच्या रविवारी अप्पा घरीच बसून राहिले. सून परक्याची लेक, मुलगाच नाही तर कोणत्या तोंडानं जायचं? दुपारी फोन वाजला. सून म्हणाली, "अप्पा, भात गार होतोय." ते चपला घालून निघाले. तेव्हापासून एकही रविवार चुकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेनं दार उघडलं. कामावर जायच्या कपड्यांत होती, केस अजून ओले होते.

"अप्पा? आज कसे?"

अप्पांनी खांद्यावरचं कॅमेऱ्याचं स्टँड खाली टेकवलं. "मला पाठवलंय."

"कुणी?"

"चावीबाईनं."

क्षणभर तिला उमगलं नाही. मग उमगलं तशी ती दार धरूनच उभी राहिली. "ती म्हणाली फोटोवाले येतील. तुम्हीच याल हे माझ्या डोक्यातच आलं नाही." मग जरा वेळानं, "मी रविवारी सांगणार होते अप्पा. खरंच. त्याच्या आधीच्या रविवारीही सांगणार होते."

"मग?"

"तुम्ही परत भात मागितलात."

स्टँड परत खांद्यावर घेऊन अप्पा आत गेले.

घरांच्या फोटोंचा त्यांचा एक नियम होता आणि तो ते प्रत्येक मालकाला ऐकवायचे. फोटोत घर दिसलं पाहिजे, घरातली माणसं नाहीत. टूथब्रश उचला, टॉवेल काढा, फ्रीजवर चिकटवलेलं सगळं उतरवा, भिंतीवरचे घरचे फोटो पालथे करून कपाटात ठेवा. बघणाऱ्याला मनातल्या मनात आपली खुर्ची तिथं मांडता आली पाहिजे. दुसऱ्याची खुर्ची दिसली की तो बिचकतो. हे वाक्य किती घरांत त्यांनी बोलून दाखवलं असेल. आज ते तोंडातून निघेना.

त्यांनी पुढच्या खोलीच्या कोपऱ्याला पाठ लावली, स्टँड छातीच्या उंचीला आणलं आणि कॅमेऱ्यातून पाहिलं. जमिनीवर उन्हाचा मोठा चौकोन पडला होता. खिडकीबाहेर नासपतीचं झाड अर्धं हिरवं, अर्धं पिवळं. सोफ्याचा उजवा कोपरा दबलेला होता. मुलगा कामावरून आला की बूट न काढता तिथंच आडवा व्हायचा आणि सून ओरडायची. गादीची अजून सवय मोडली नव्हती.

"ऊन बरोबर नाही आज," अप्पा म्हणाले.

सुनेनं जमिनीकडे पाहिलं. "नाही?"

"फार कडक आहे. उद्या बघू."

उद्या ढग आले. परवा शेजारी भिंत रंगवत होता आणि त्याची शिडी खिडकीत दिसत होती. त्यानंतर पाऊस पडून गेला, पानं ओली होती, ओली पानं फोटोत चिखलासारखी दिसतात. मग पानं सुकली, पण ती अजून पुरती पिवळी नव्हती. रोज सकाळी अप्पा सामान घेऊन जात, चहा पीत, खिडकीतून आभाळाकडे वैद्यानं नाडी बघावी तसं बघत आणि मान हलवून परत येत.

चावीबाई वैतागली. "काका, तुम्ही घराचे फोटो काढताय की झाडाचे? लोक थांबलेत माझे. एकदा थंडी पडली की कुत्रंसुद्धा घर बघायला येत नाही."

"काम चोख हवं ना?"

"चोख हवं हो, पण याच वर्षी हवं."

अप्पांनी फोन ठेवला आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसे बराच वेळ उगीच इकडेतिकडे फिरत राहिले. मग त्यांनी मुलाला फोन लावला.

"अप्पा, कामात आहे मी. बोला."

"घर विकताय म्हणे."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. "हो. तिनं विचारलं, मी हो म्हटलं."

"मला कुणी विचारायचं?"

"तुमचं घर नाही ते, अप्पा." तो रागानं बोलला नव्हता. म्हणूनच जास्त लागलं.

"तुझं आहे ना? तुला काय वाटतं मग?"

"मला काय..." त्याला कुणीतरी मागून हाक मारली. तो "आलो" म्हणाला आणि परत फोनवर आला. "माझं काही राहिलं असेल तिथं तर टाकून द्या. वरच्या कपाटात असेल काहीबाही. मला नको."

"एकदा येऊन बघून तरी जा."

"बघून काय करू?" तो म्हणाला. मग जरासा रेंगाळला, काही बोलेल असं वाटलं. "ठेवतो अप्पा."

रविवारी अप्पा सामान न घेता गेले. जेवण झालं. नातीला सगळे भुंगा म्हणत, कारण ती कायम काहीतरी गुणगुणत असायची. ती मागच्या अंगणात पळाली. खरकटी ताटं मध्ये होती. सून पाण्याचा पेला बोटांनी फिरवत म्हणाली,

"अप्पा, एक बोलू? ऊन रोज पडतंय."

अप्पांना हसू आलं. "नाचता येईना अंगण वाकडं. दुसरं काय."

"माझा राग आलाय तुम्हाला."

"नाही गं. तुझा कशाला?"

"मग का अडवून धरलंय?"

अप्पांनी उत्तर जुळवून ठेवलं होतं. गिऱ्हाइकांचं, बाजाराचं, घाई केली की भाव कसा पडतो त्याचं. पण तोंड उघडलं तेव्हा भलतंच निघालं. "विकलं की संपलं ना सगळं. आत्ता निदान दार तरी आहे. उद्या त्याला यावंसं वाटलं तर तो येईल कुठं?"

सून उठून ताटं उचलत होती. ती तशीच परत खाली बसली.

"मी काय वेगळं करतेय इतके दिवस?" ती म्हणाली. "संध्याकाळी बाहेर गाडी थांबली की हातातलं काम थांबतं माझं. शेजाऱ्याची असते. मला तिचा आवाज पाठ आहे अप्पा, तरी थांबतं. भुंगा बघते माझ्याकडे. ती पण गप्प होते, ती पण ऐकते. पोरीला हे शिकवतेय मी, दाराकडे कान लावून बसायला."

अप्पांनी ताटं एका बाजूला सरकवली.

"लोक म्हणतात, एवढं झालं, तुला चीड येत नाही का? चीड आली असती तर मी इथंच राहिले असते. चिडलेलं माणूस कुठंही राहू शकतं. चीडच येत नाही, तिथंच तर सगळे वांधे आहेत." ती हसली आणि मनगटानं डोळे पुसले. "माझा भाऊ आहे ना, त्याच्या गावात आमच्या दुकानाची शाखा आहे. तिथं जागा आहे मला. भाड्याचं छोटं घर बघितलंय. तिथं तो कधीच आलेला नाही. कुठल्या खुर्चीत बसायचा, कुठं चाव्या टाकायचा, काही नाही. मला तेवढंच हवंय."

बाहेर भुंगा पानांचा ढीग करून त्यात उडी मारत होती. धप्प आवाज येई, मग हसणं, मग परत पानं गोळा करणं. अप्पांच्या एकाएकी ध्यानात आलं की ते बसलेत त्या खुर्चीचं तोंड दाराकडे आहे. पूर्वी ते खिडकीकडच्या खुर्चीत बसायचे, पाठ उन्हात शेकत. जागा कधी बदलली ते त्यांना आठवेना.

"उद्या येतो," ते म्हणाले. "ऊन कसंही असलं तरी."

दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं की जणू त्यालाही कुणी बोलावून घेतलं असावं. सुनेनं सुट्टी काढली होती. दोघं मिळून कामाला लागले. तिनं टॉवेल काढले, यांनी कचऱ्याचा डबा बाहेर नेला. तिनं दारामागचे कोट उचलले, यांनी वायरी टेबलामागे लपवल्या. फ्रीजवरची भुंगाची चित्रं उतरवताना एका चित्राचा कोपरा फाटला, तर सून हळूच म्हणाली, "आता भुंगा जीव घेणार," आणि दोघंही हसले. लग्नाचा फोटो तिनं केव्हाच काढून ठेवला होता. भिंतीवर त्याच्या जागी फिकट चौकोन राहिला होता. अप्पांनी त्यावर बाजूचं घड्याळ सरकवून लावलं. सोफ्याच्या दबलेल्या कोपऱ्यावर त्यांनी दोन उशा ठेवल्या, मागे सरून पाहिलं आणि एक काढली. एक पुरेशी होती.

शाळेला न गेलेली भुंगा मात्र घुमी झाली होती. "माझी खोली विकायची नाही," तिनं जाहीर केलं. "बाकीचं घर विका."

"बरं, तुझी खोली आपण घडी घालून खिशात नेऊ," अप्पा म्हणाले. एरवी ती खुदकन हसली असती. आज नाही हसली. कुठंतरी जाऊन लपली. दोघं कामाच्या गडबडीत होते, त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही.

अप्पांनी मन लावून काम केलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ऊन येईपर्यंत थांबले. जिन्याचा फोटो खालून न काढता वरून काढला, कारण वरून उतरताना ते घर जास्त आपलंसं वाटायचं, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. बाहेर येऊन झाडाचाही काढला. पानं झाडावर जेवढी, तेवढीच खाली. सुनेनं झाडू आणला तर म्हणाले, "राहू देत. फक्त पायरी झाड." निघताना त्यांनी कॅमेऱ्यावर एकेक फोटो तिला दाखवला. ती बघता बघता म्हणाली, "किती छान घर आहे हो. कुणाचं आहे?" आणि कॅमेरा त्यांच्या हातात परत दिला.

संध्याकाळी फोटो गेले. दुसऱ्या दिवशी चावीबाईचा फोन.

"काका, फोटो म्हणजे काय काढलेत! पण पोरीच्या खोलीत पडद्याखाली पाय आहेत."

"काय?"

"पाय. दोन. एकात मोजा आहे, एकात नाही."

अप्पांनी फोटो उघडून मोठा केला. खरंच, खिडकीच्या लांब पडद्याखाली दोन छोटी पावलं, अंगठे आत वळवलेले. इतक्या बारकाईनं रेषा तपासल्या, दाराची चौकट सरळ आहे का पाहिलं, आणि हे दिसलं नाही. असलं काही पुसून टाकणं त्यांच्या डाव्या हातचा मळ होता. भिंतीवरचे डाग, विजेच्या तारा, शेजाऱ्यांची वाळत घातलेली कापडं, कितीतरी गोष्टी त्यांनी आजवर पुसल्या होत्या. त्यांनी त्या पावलांभोवती गोल आखला. आता एक बटण दाबायचं. बोट तिथं जाऊन परत आलं. परत गेलं, परत आलं.

"बाई," त्यांनी चावीबाईला फोन करून सांगितलं, "तो एक मी नव्यानं काढतो."

"अहो, पुसा ना नुसता. दोन मिनिटांचं काम."

"नाही जमत ते."

दुपारी ते गेले तेव्हा भुंगा शाळेतून आलेली होती. ती खोलीच्या दारात हाताची घडी घालून उभी राहिली.

"फोटोत कशाला शिरलीस गं?" अप्पा स्टँड उघडत म्हणाले.

"म्हणजे त्यांना कळेल इथं मी राहते."

"कुणाला?"

"जे घेणार त्यांना." मग तिनं पायाच्या अंगठ्यानं जमीन खरवडली. "आणि बाबांना. बाबा फोनमध्ये बघतील ना?"

अप्पांनी स्टँड तसंच सोडलं. ते खाली बसले. गुडघे वाजले तशी ती सवयीनं म्हणाली, "पॉपकॉर्न!" आणि मग हळूच विचारलं, "अप्पा, आई म्हणते आता ती तुझी सून नाही. मग तू माझा आजोबाच राहणार ना?"

"असं म्हणाली आई?"

"मामाशी फोनवर बोलत होती. म्हणत होती, आता मी त्यांची कोण?"

अप्पांनी तिला जवळ ओढलं. "हे बघ, नवराबायको सही करून होतात, मग सही करून मोडतात. आजोबा व्हायला मला कुणी सही मागितली होती का? तू जन्मलीस, मी झालो. आता तू परत पोटात गेलीस तरच माझी सुटका."

ती याच्यावर विचार करत राहिली. "मी मावणार नाही."

"मग झालं तर."

दाराबाहेर सून उभी होती. तिनं ऐकलं होतं की नाही, अप्पांनी वळून पाहिलं नाही. पण त्या दिवशी ती त्यांना दारापर्यंत सोडायला आली, नेहमीसारखा चष्मा काढून घेतला, काडी सरळ केली, काचा ओढणीनं पुसल्या. मग चष्मा त्यांना परत घालताना म्हणाली, "अप्पा, तिथंही दुकानात चष्मे सरळ करून मिळतात."

घर लगेचच गेलं. एका तरुण जोडप्यानं घेतलं. "फोटो बघूनच ठरवलं म्हणाले," चावीबाई खुशीत सांगत होती. "विशेषतः ती पुढची खोली. बाई म्हणाली, तिथं आपला सोफा ठेवू." अप्पा "बरं झालं" म्हणाले. असं कौतुक त्यांना आवडायचं, एरवी ते चार लोकांना सांगतही असत. या वेळी कुणाला सांगितलं नाही.

सामान हलवायच्या दिवशी झाडावर मोजकीच पानं उरली होती. ट्रक दाराशी लागला होता. सुनेचा भाऊ आणि हमाल खोकी नेत होते. भुंगा ट्रकड्रायव्हरला कोणतं खोकं नाजूक आहे ते सांगत होती आणि तिच्या मते सगळीच नाजूक होती. सून वरच्या मजल्यावरून एक कापडी पिशवी घेऊन आली.

"कपाटात होतं," ती म्हणाली. एक जुना स्वेटर, दाढीचं सामान, कुठल्याशा कुलपाच्या किल्ल्या. "त्यानं टाकून द्या म्हटलं असेल ना तुम्हालाही? मला टाकवत नाही. तुम्ही टाका."

"टाकतो," म्हणून अप्पांनी पिशवी घेतली. ती घरी नेऊन त्यांनी कॅमेऱ्यांच्या कपाटात ठेवून दिली.

सगळं गेल्यावर दोघं रिकाम्या पुढच्या खोलीत उभे राहिले. बोललं की आवाज घुमत होता, म्हणून हळू बोलत होते.

"दर रविवारी नाही जमायचं तुम्हाला," सून म्हणाली. "बसनं लांब पडतं. गुडघे आहेत. पण याल ना?"

"येईन."

"मी फोन करीन. भात गार होतोय म्हणून."

"पोचेपर्यंत गारच होणार तो."

"मग गरम करू," ती म्हणाली. खाली वाकून तिनं त्यांच्या पायाला हात लावला नाही, तसलं काही केलं नाही. नुसती त्यांच्या खांद्याला कपाळ टेकवून थोडा वेळ उभी राहिली. मग बाहेरून हाक आली आणि ती गेली.

पुढचे रविवार अप्पांना फार जड गेले. सकाळी उठून ते दाढी करत, स्वच्छ शर्ट घालत, आणि मग आपण कुठं निघालोय असं स्वतःलाच विचारत. जेवायला एकट्यापुरतं काही करावं तर माप चुकायचं. एकदा पाय तसेच ओळखीच्या रस्त्याला लागले. घराच्या खिडकीत निराळे पडदे होते आणि दाराशी कुणाची तरी सायकल. अप्पा पलीकडच्या बाजूनं चालत राहिले, थांबले नाहीत. तिकडून सुनेचा फोन येई, मग भुंगा फोनवर येई, नव्या शाळेच्या तक्रारी करी. फोन झाला की खोली आधीपेक्षा मोठी वाटायची.

थंडी चांगली पडली होती तेव्हा मुलाचा फोन आला. कधी नव्हे तो आपणहून.

"अप्पा, ते फोटो तुम्हीच काढले होते ना?"

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? पुढच्या खोलीचा फोटो त्याच कोपऱ्यातून आहे. वाढदिवसाला तुम्ही तिथंच उभे राहायचात." तो जरा थांबला. "जाहिरात काढून टाकलीय त्यांनी. आज उघडली तर नाही सापडली."

"विकलं ना घर. आता कशाला ठेवतील?"

"हो. मी रोज बघायचो अप्पा. कामावर जाताना."

अप्पांनी फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. बोलायला त्यांच्याकडे खूप होतं. दीड वर्ष साठवलेलं होतं. ज्या घराकडं फिरकला नाहीस ते परक्या बाजारात रोज उघडून बघत होतास होय, असं म्हणता आलं असतं. पण मुलाचा आवाज लहानपणी ताप आल्यावर व्हायचा तसा झाला होता.

"त्या फोटोंत काही नाही रे," ते म्हणाले. "मीच सगळं उचलून ठेवलं होतं."

"माहितीय."

"मग काय बघायचास?"

"काही नाही. जमिनीवर ऊन कुठवर येतं ते." मग घाईनं, "तुमच्याकडे असतील ना? पाठवता?"

"पाठवतो," अप्पा म्हणाले. आणि पाठवले. भुंगाच्या खोलीचा आधी काढलेलाही, नंतर काढलेलाही, सगळे. मुलाचं उत्तर आलं नाही. त्यांनी वाटही पाहिली नाही, दिवा मालवून पडून राहिले.

त्या आठवड्याच्या शेवटी ते बसनं सुनेच्या गावी गेले. घर दुसऱ्या मजल्यावर होतं, इन मीन दोन खोल्या, एका भिंतीला अजून खोकी लागलेली. भुंगानं त्यांना हाताला धरून सगळं दाखवलं: हा नळ, याच्यात पाणी आधी खोकतं आणि मग येतं, आणि ही खिडकी, हिच्यातून समोरच्या घरातलं मांजर दिसतं. सुनेचे गाल जरा भरले होते. बोलताना ती पूर्वीसारखी मध्येच थांबत नव्हती. अप्पांनी पडद्याचा दांडा बसवून दिला, जेवले, भात परत मागून घेतला.

भुंगा शेजारच्या मुलीकडे खेळायला गेल्यावर त्यांनी सुनेला सगळं सांगितलं. मुलाचा फोन, जाहिरात, फोटो. तिच्यापासून लपवायचं नाही असं त्यांनी बसमध्येच ठरवलं होतं. ती बटाटे सोलत होती. सालीची लांब पट्टी सुरीवरून खाली येत राहिली, आणि अर्ध्यात तुटली.

तिनं ती उचलून बाजूला ठेवली. मग दुसरा बटाटा उचलत म्हणाली, "त्याला सांगा, भुंगाची शाळा दुपारी सुटते. भेटायला यायचं असेल तर तिथं ये म्हणावं, फाटकाशी. ती खूश होईल."

"इथं घरी?"

"घरी नको." तिनं मान हलवली. आवाजात कडवटपणा नव्हता. "हे घर अजून माझं होतंय, अप्पा. होऊ दे."

संध्याकाळ व्हायच्या आत ते निघाले. दोघी थांब्यापर्यंत आल्या, पण वारा बोचरा होता म्हणून अप्पांनी त्यांना परत पाठवलं. बसला अवकाश होता. थांब्यामागच्या झाडाला पान उरलं नव्हतं. अप्पांनी फोन काढून मुलाला लावला आणि निरोप सांगितला. शाळा, दुपार, फाटक. मुलानं शाळेचं नाव दोनदा विचारून घेतलं. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही.

अप्पा आता ठेवतो म्हणणार, तेवढ्यात तो म्हणाला, "अप्पा, ती कशी आहे?"

कोण ती, ते त्यानं सांगितलं नाही. अप्पांनीही विचारलं नाही. बस येईपर्यंत ते दोघींबद्दल सांगत राहिले.